सुटकेसभर माणसं

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली आहे. जन्मापासून. आमच्या आईनं डॉक्टर केले, मालिश केली, मला रोज दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, पण तो काही वर आला नाही. टेलरबाईंची आणि माझी ओळख या खांद्यामुळे झाली, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करतोय. मला लिहायची सवय नाही. लायब्ररीतली नोकरी पुस्तकांना नंबर देण्यात गेली. आत काय लिहायचं ही काळजी दुसऱ्यांची होती.

बाईंचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एका जिन्याखाली होतं. तीन पायऱ्या उतरून आत जायचं. एक मशीन, एक लांब टेबल, वर ट्यूबलाइट, मागे पडदा. भिंतीला माणसाएवढा आरसा होता, पण त्यावर कायम जुनी चादर टाकलेली. अंगावर नवा कपडा चढल्याशिवाय बाई ती चादर काढायच्या नाहीत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं लग्न ठरलं होतं आणि कोट हवा होता. त्याआधी दोन टेलरांनी डाव्या खांद्यात कापसाचा बोळा भरून कोट शिवले होते. चार पावलं चाललो की बोळा पाठीवर उतरायचा. बाईंनी ते दोन्ही कोट हातात घेऊन चाचपले आणि बाजूला ठेवले.

"यात भरायचं काय आहे? जसा आहे तसा शिवायचा," म्हणाल्या. "इकडे वळा. श्वास सोडा. धरून काय ठेवलाय, परत द्यायचाय का कुणाला?"

त्यांच्याकडे टेप नव्हता. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आकडा मोठ्यानं बोलला की माणूस अंग चोरतो. मग माप खोटं येतं." कागदाची एक अरुंद पट्टी अंगाला लावायची आणि कात्रीच्या टोकानं तिला बारीक खाच पाडायची, असं त्यांचं माप. पट्ट्या झाल्या की मोठ्या कागदावर ठेवून बाई पाठ, पुढचे भाग, बाह्या कापायच्या. त्याला त्या नुसतं 'कटिंग' म्हणायच्या. एकदा कटिंग झालं की जन्मभर तेच. जाडी वाढली, वय वाढलं, तर कडेला पट्टी चिकटवायची.

दुसरी एक गोष्ट त्यांनीच सांगितली म्हणून मला कळली. इतर टेलर कागद मधोमध दुमडून अर्धाच आकार कापतात. उघडला की पुरा होतो. बाई लहानपणी गणवेशांच्या कारखान्यात हेच शिकल्या होत्या, दिवसाला शेकड्यानं. स्वतःचं दुकान काढल्यावर त्यांनी दुमडणं सोडलं. "दुमडलं की दोन्ही बाजू सारख्या येतात," त्या म्हणायच्या. "दोन्ही बाजूंनी सारखा माणूस मला अजून भेटायचाय."

कटिंगवर नाव नाही, आकडा नाही. कोपऱ्यात एक छोटं चित्र. मला विचारलं, "काम काय करता?" मी लायब्ररी म्हटलं. "मग तिथं शिडी असेल." त्यांनी माझ्या कागदावर एक शिडी काढली. तेव्हापासून मी शिडी. तोंडानं मात्र मला त्या 'लायब्ररी' म्हणायच्या. "काय लायब्ररी, बटण तुटलं की तोडलं?"

लग्नात माझे सासरे पाहुण्यांना सांगत होते, जावई कसा ताठ आहे बघा. मी कोपऱ्यात जाऊन हसून घेतलं.

बाईंकडे येणारी सगळी माणसं अशीच, तयार कपडा ज्यांना होत नाही. कुणाची पाठ, कुणाचा हात, कुणाचं ऑपरेशन झालेलं. कोण काय, ते मला ठाऊक नाही. बाई एका वेळी एकालाच बोलवायच्या आणि एकाचं दुसऱ्याला सांगायच्या नाहीत. मला दिसायची ती चित्रं. किटली, छत्री, मासा, कुलूप. टेबलाखाली पिठाची जुनी गोणी होती, तिच्यात सगळी घड्या घालून ठेवलेली.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या डोळ्यांत मधोमध डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती टिकेल ते बघू. बाई दोरा ओवून घ्यायला सुया माझ्याकडे पाठवायच्या. एका वेळी वीस सुया ओवून मी त्या उशीवर टोचून द्यायचो.

त्यांना मूल नाही. बहिणीची मुलगी दुसऱ्या गावात तयार कपड्यांच्या दुकानात कामाला होती, उंची कमी करणं, कंबर घेणं वगैरे. हात चांगला, पण दुसऱ्याच्या दुकानात कंटाळलेली. तिनं मावशीचं दुकान चालवायचं कबूल केलं. एकच अट घातली. "मावशी, तुझ्यासारखी माणसं मला वाचता येत नाहीत. तू मला कटिंगं दे, मी शिवते. कटिंगं नसतील तर मी इथंच बरी."

तिच्याकडे मोठं टेबल होतं. तिथं सगळी कटिंगं जाड पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायची आणि मग तिनं इकडे यायचं, असं ठरलं. कागद चुरगळू नयेत म्हणून भाचीनं एक नवी सुटकेस पाठवली. मरून रंगाची, चाकांची, चकचकीत कुलपांची. दोनशे तेरा कटिंगं तीत बसली. वर बाईंची मोठी कात्री. बाईंचं बसचं तिकीट काढताना भाचीनं सामानाचा विमाही उतरवला होता, तिकिटाबरोबर मिळतो तो.

वाटेत बस दहा मिनिटं थांबली. बाई शेजारच्या बाईंना "जरा लक्ष ठेवा हं" म्हणून तोंड धुवायला उतरल्या. परत आल्या तेव्हा शेजारीणबाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि सीटखाली सुटकेस नव्हती.

"गोणीत असती तर कुणी लाथसुद्धा मारली नसती," नंतर त्या म्हणाल्या. "भाचीनं कौतुकानं नटवून पाठवली, आणि गेली."

चौकीवर हवालदारानं विचारलं, आत काय होतं? बाई म्हणाल्या, कागद. कसले कागद? बाई म्हणाल्या, माणसांचे. त्यानं लिहिलं, 'जुने कागद व एक कात्री'. बाईंना वाचता आलं नाही. त्यांनी सही केली.

क्लेमचा फॉर्म मी भरला. यादी करणं हे माझं काम, म्हणून मला बरंही वाटलं. प्रत्येक रकाना नीट भरला. 'धंद्याची साधनं' असा एक रकाना होता, त्यात मी कटिंगं लिहिली. बाईंचा हिशेब सरळ होता. पैसे मिळाले तर एक कटर वर्षभर पगारावर ठेवता येईल. गिऱ्हाइकं परत बोलवायची, बाईंचा हात त्यांच्या अंगावर, कटरचा हात कागदावर. वर्षात दोनशे नाही तर शंभर तरी उभी राहतील. भाचीनं तोवर थांबायचं कबूल केलं होतं. दुकान राहणार की जाणार, ते विमा कंपनीकडून येणाऱ्या एका पाकिटावर होतं.

पाकीट दोन महिन्यांनी आलं. मीच वाचून दाखवलं. चौकीच्या कागदावर जुने कागद म्हटलेलं आहे आणि क्लेममध्ये धंद्याची साधनं म्हटलेली आहेत, हे जुळत नाही. जुन्या कागदांना बाजारभाव नाही. कात्रीची पावती नाही. क्लेम नामंजूर.

"म्हणजे रद्दी," बाई म्हणाल्या.

"तसं लिहिलेलं नाही."

"तुम्ही सभ्य माणूस आहात, लायब्ररी. रद्दीला भाव तरी असतो."

आम्ही दोघं विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. काचेमागच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं. खरंच ऐकलं तिनं. मग हळू आवाजात म्हणाली, "आजी, तक्रार अर्ज करा, सुनावणी मिळेल. पण दहा-पंधरा गिऱ्हाइकांची पत्रं आणा. नाव, पत्ता, त्यांना काय आहे, का वेगळं माप लागतं, सगळं. मग ते कागद साधनं ठरतील. पत्रांशिवाय काही होणार नाही."

बाईंनी तिचे आभार मानले. बाहेर फुटपाथवर येऊन म्हणाल्या, "चला, झालं."

"पत्रं मिळतील की. मी जातो घरोघर," मी म्हटलं. खरं तर मी आयुष्यात कुणाच्या दारी काही मागायला गेलो नव्हतो.

"कुणाच्या घरी जाल? पत्ते माझ्या डोक्यात आहेत आणि तिथंच राहणार. चादर कशाला टाकली होती मी आरशावर इतकी वर्षं?"

भाचीनं फोनवर भांडण काढलं. मी समोर बसलो होतो आणि तिचा आवाज मला फोनबाहेर ऐकू येत होता. "मावशी, ती माणसं काही मेली नाहीत! विचार तर. आनंदानं देतील."

"देतील. म्हणून तर विचारायचं नाही. उपकारापायी देतील आणि मग कुठल्या तरी साहेबाच्या टेबलावर त्यांची पाठ पडून राहील."

"मग दुकान बंद कर."

"तू शिकवू नकोस."

फोन बंद झाल्यावर बाई बराच वेळ मशीनचं चाक हातानं उलट फिरवत बसल्या. मी म्हटलं, "माझं पत्र घ्या. माझं मी देतो. त्यात काही लपवायचं नाही मला." हे खोटं होतं. मी जन्मभर भिंतीच्या बाजूला डावा खांदा करून बसत आलोय.

"एका पत्रानं काय होणार?"

"तक्रार अर्ज टाकू. सुनावणीला मी स्वतः येतो."

त्या हसल्या. "साहेबासमोर उभे राहाल? तुम्ही कंडक्टरकडे सुटे मागायला लाजता."

पण घेऊन गेल्या.

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, कपाटावर फायलींचे गठ्ठे, कोपऱ्यात टाइप करणारा एक माणूस. साहेब पन्नाशीचे, घसा बसलेला, गरम पाण्याचे घोट घेत बोलत होते. ते वाईट नव्हते. हे मुद्दाम लिहितोय. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी माझं पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि लगेच नजर कागदावर नेली. "बसा ना," म्हणाले. मग बाईंना म्हणाले, "मला समजून घ्यायचंय. हे कटिंग म्हणजे नेमकं काय असतं?"

"बोलून नाही कळायचं," बाई म्हणाल्या. "मोठा कागद आहे?"

साहेबांनी त्यांच्या वर्तमानपत्रातलं एक पान काढून दिलं. टाइपवाल्यानं कात्री दिली, पाकिटं कापायची, बोथट. बाई उभ्या राहिल्या. मी पुढे झालो, कारण मला वाटलं त्या माझ्या खांद्याला हात लावतील. त्यांनी मला हातानंच मागे सारलं. "तुम्ही बसा. तीस वर्षं शिवतेय. हात लावायची गरज नाही." त्यांच्या आवाजात असा तोरा मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सहज पाहिलं असेल, पण बाईंना कडेचं दिसत होतं. त्या म्हणाल्या, "पाच मिनिटंसुद्धा लागायची नाहीत."

आणि त्यांनी कागद मधोमध दुमडला.

मला पहिल्यांदा वाटलं, त्या उलगडतील. पण हात चालायला लागले होते, कारखान्यात चालायचे तसे, न थांबता. गळा, खांदा, मुंढा, बगलेपासून खाली सरळ. कात्री बोथट असूनही कागदाला कुठे दाते पडले नाहीत. मग त्यांनी कागद झटकून उघडला आणि टेबलावर हातानं सपाट केला. कोपऱ्यात टाइपवाल्याच्या पेनानं अंदाजानं एक शिडी काढली. एक पायरी बाहेर गेली.

"ही यांच्या कोटाची पाठ."

टेबलावर एक सरळ माणूस पडला होता. दोन्ही खांदे एका रेषेत.

साहेब खरोखर खूश झाले. "वा!" म्हणाले. "नजर अधू असताना? कमाल आहे बाई तुमची." टाइपवालाही उठून बघून गेला. मग साहेबांनी पाण्याचा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"पण मग बाई, मला एक सांगा. चोरीला गेलेलं जर तुम्ही पाच मिनिटांत, कशालाही हात न लावता पुन्हा करू शकता, तर नुकसान कसलं झालं? एका वर्तमानपत्राचं?"

बाईंनी बोथट कात्री टाइपवाल्याला परत दिली.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एवढंच बोलायचं होतं की साहेब, हा मी नव्हे, हे पाहा, इथून खाली दीड इंच. कोट काढून उभं राहायचं होतं. त्यासाठीच आलो होतो. चुकलेलं कटिंग हाच पुरावा होता, यापेक्षा मोठा पुरावा पंधरा पत्रांत नव्हता. पण बाईंच्या चेहऱ्यावर ते 'वा' अजून होतं. परक्या माणसांत त्यांना सांगायचं, की तुमचा हात गेला? मी खुर्चीच्या कडेला हात लावून अर्धा उठलो. साहेब म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "नाही. पाणी मिळेल का?"

परत येताना बसमध्ये बाईंनी विचारलं, "कसं आलं होतं?"

"अगदी बरोबर."

"मग असू दे. पैसे गेले तर गेले, हात शाबूत आहे," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या भाचीला फोनवर सांगू लागल्या, की ये, कटिंगं नसली तरी चालेल, मला सगळी पाठ आहेत, साहेबासमोर करून दाखवलंय. भाची यायच्या गोष्टी करू लागली. तिनं सुट्टीचा अर्जही टाकला. मी रोज ठरवायचो, आज सांगू. दुकानापर्यंत जायचो आणि सुया ओवून परत यायचो.

तीन आठवड्यांनी निकाल आला. तक्रार फेटाळली. 'अर्जदारांनी सदर वस्तू समक्ष तयार करून दाखविली, सबब नुकसान सिद्ध होत नाही.' तीस दिवसांत वर अपील करता येईल. सोबत सादर केलेला पुरावा परत. मी पाकीट उलटं केलं, तर घडी घातलेलं ते वर्तमानपत्राचं पान टेबलावर पडलं. लपवायला वेळ मिळाला नाही.

बाईंनी ते ओढून घेतलं, उलगडलं आणि सवयीनं दोन्ही तळवे त्याच्या दोन खांद्यांवरून फिरवले. हात थांबले. पुन्हा फिरवले. मधल्या घडीवरून बोट नेलं, वरपासून खालपर्यंत.

"दुमडला होता मी," त्या म्हणाल्या.

मी रिकामं पाकीट पुन्हा उघडून पाहिलं.

"तुम्हाला तिथंच दिसलं होतं?"

"मला त्यातलं काय कळतं?"

"जन्मभर तो खांदा घेऊन फिरताय आणि म्हणे कळत नाही!" त्या रागावल्या होत्या की काय, मला आजही सांगता येणार नाही. आवाज नेहमीसारखाच होता. "भाचीला बोलावून बसले की मी."

मी म्हटलं, "अजून अपील आहे. मी लिहितो. आता पुरावा हातात आहे."

"काय लिहाल? बाईला आता येत नाही, असं?"

"तसंच लिहावं लागेल."

"मग नको. गिऱ्हाइकांना वाटतंय की कटिंगं चोरानं नेली. तेवढंच वाटू दे."

त्यांनी माझा कोट काढायला लावला. पहिल्यांदाच मला वळा म्हटलं नाही. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून खूप वेळ उभ्या राहिल्या, मग नवा कागद घेतला, न दुमडता, आणि बोटानं चाचपत, थांबत, एक पूर्ण सकाळ घालवून माझी पाठ कापली. डावा खांदा दीड इंच खाली. कोपऱ्यात शिडी. "हे जपून ठेवा. कुठल्याही टेलरकडे न्या. वर काही सांगावं लागणार नाही, कागदच सांगेल."

दोनशे तेरांतलं ते एवढंच परत उभं राहिलं. भाचीनं सुट्टीचा अर्ज मागे घेतला. महिनाअखेर ती आली, मशीन विकलं, आरसा जागेच्या मालकाला दिला आणि मावशीला आपल्याकडे घेऊन गेली. जिन्याखाली आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

थंडी पडायच्या आधी मी ते कटिंग आणि कापड घेऊन बाजारातल्या एका टेलरकडे गेलो. चांगला माणूस, गर्दी असलेला. त्यानं कागद घेतला, झटकला आणि मधोमध दुमडला. कडा जुळेनात. त्यानं पुन्हा दुमडून पाहिलं.

"कुणी कापलंय हे काका? एक बाजू पार उतरलीय," म्हणाला, आणि मी काही म्हणायच्या आत कात्रीनं दोन्ही बाजू सारख्या करून टाकल्या. शिडीचा अर्धा तुकडा खाली पडला.

कोट झाला. डावीकडे लोंबतो. रविवारी बाईंचा फोन आला.

"खांदा कसा बसलाय?"

"छान बसलाय."

"त्यानं विचारलं का, ही शिडी कशाला काढलीय म्हणून?"

"विचारलं ना," मी म्हटलं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"लायब्ररीत होतो, असं सांगितलं."

बाई पलीकडे हसल्या. मग त्यांनी भाचीला हाक मारली आणि तिलाही ते सांगितलं. मी फोन धरून ऐकत राहिलो.